रवाळ तूप आणि मोबाइलची काच

कढवलेलं तूप ओट्यावर झाकून ठेवलं, की सकाळी त्यात टपोरा रवा धरलेला असतो. तेच गरम भांडं फ्रीजमध्ये ढकललं तर तूप मेणासारखं गुळगुळीत थिजतं. झटकन निवताना जागोजागी एकदम कण धरतात आणि कुणालाच वाढायला जागा उरत नाही.

बऱ्याच मोबाइलच्या पडद्यात काचेवर सिलिकॉनचा साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा थर असतो. पिक्सेल चालवणारे ट्रान्झिस्टर त्यातच घडवलेले असतात. हा थर काचेवर बसवला जातो तेव्हा त्यातले अणू विस्कळीत असतात आणि इलेक्ट्रॉन अडखळत चालतात. त्यांच्या चपळाईचं माप एकसंध स्फटिकात १४०० च्या घरात असेल, तर इथे जेमतेम १. थरात रवे, म्हणजे बारीक स्फटिक, धरले की ते १०० च्या आसपास जातं. त्याहून वर जाण्याच्या आड येतात त्या रव्यांमधल्या शिवा, म्हणजे सीमा. रव्याच्या आत अणू ओळीत असतात, पण दोन रवे भिडतात तिथे ओळी जुळत नाहीत. काही बंध अर्धवट लोंबकळत राहतात आणि इलेक्ट्रॉन त्यात अडकतात. म्हणून रवे मोठे हवेत.

पंचाईत अशी, की रवे धरायला सिलिकॉन वितळवून थिजवावं, तर ते वितळतं १४१४ अंश सेल्सियसला आणि पडद्याची काच ६०० च्या पुढे टिकाव धरत नाही. त्यावर तोड म्हणजे ३०८ नॅनोमीटरचा अतिनील एक्सायमर लेझर. त्याचा झोत काही दहा नॅनोसेकंदांचा. तो वरच्या वर शोषला जातो. सिलिकॉन वितळून पुन्हा थिजतं, तरी काचेला फारशी झळ लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. लेझरची ऊर्जा वाढवत नेली तर रवे मोठे होत जातात. मग थर पुरता वितळवला तर सगळ्यात मोठे व्हायला हवेत ना? होतं उलटंच. रवा धरायला आधारच उरत नाही. द्रव गोठणबिंदूच्या बराच खाली जातो आणि मग एकाएकी सगळीकडे बारीक कण धरतात. फ्रीजमधलं तूपच ते! सगळ्यात मोठे रवे मिळतात ते तळाशी तुरळक कण वितळायचे राहिले तर. ते विरजणासारखे कामी येतात आणि त्यांच्यापासून रवे आडवे पसरतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले जेम्स इम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे मांडलं.

पण ही ऊर्जा फार नेमकी लागते, आणि लेझरचे झोत काही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून इम यांच्याच गटाने दुसरी युक्ती काढली. लेझर बारीक फटीतून सोडायचा. फटीखालचं सिलिकॉन पूर्ण वितळतं, कडा घट्ट राहतात आणि रवे कडांकडून आत वाढतात. मग काच किंचित सरकवून पुढचा झोत. आधीचा रवाच बीज होतो आणि लांबत जातो. शेवटी थरात रव्यांचे लांबच लांब पट्टे दिसतात, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे.

शिवा यातही असतातच, फक्त त्या एका दिशेने धावतात. ट्रान्झिस्टर त्याच दिशेने मांडला तर प्रवाह सुळकन जातो. काटकोनात मांडला, तर वाटेतली प्रत्येक शीव ओलांडता ओलांडता तो मंदावतो.