दुरुस्त केलेली खुर्ची कोणत्या रकान्यात?

प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तडकला. ती भंगारात दिली, तिचा चुरा झाला, तो वितळवून बादल्या केल्या, तर पुनर्प्रक्रियेच्या सरकारी आकड्यात तिचे दोन-तीन किलो जमा होतात. तोच पाय तापवलेल्या तारेनं सांधून खुर्ची आणखी पाच वर्षं वापरली, तर? आकड्यात काहीच उमटत नाही. चक्रीय अर्थव्यवस्थेची, म्हणजे वस्तू आणि माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणाऱ्या व्यवस्थेची, प्रगती मोजताना खरी गोची होते ती इथं.

ही प्रगती मोजायला जपाननं २००३ मध्ये तीन निर्देशक, म्हणजे मोजमापं, ठरवले. अर्थव्यवस्थेत शिरणाऱ्या मालातून किती उत्पन्न निघतं, किती माल पुन्हा वापरात येतो आणि शेवटी किती कचरा जमिनीत पुरावा लागतो. आत येणारं, आत फिरणारं, बाहेर जाणारं. सोपा आणि शहाणा हिशोब. युरोपीय संघ एकूण वापरलेल्या मालात पुनर्प्रक्रियेतून आलेला वाटा मोजतो. २०२३ मध्ये तो सुमारे १२ टक्के होता. आकडा केविलवाणा वाटतो, पण तो शंभरावर कधीच जाणार नाही. जाळलेला कोळसा परत येत नाही, खाल्लेलं धान्यही नाही, आणि इमारतीत ओतलेलं काँक्रीट कित्येक दशकं तिथंच अडकून पडतं.

वजनाचा काटा कुठं लावायचा, यावरही बरंच ठरतं. गोळा केलेला कचरा मोजला तर टक्केवारी फुगते, कारण वर्गीकरणात त्यातला बराचसा बाद होतो. युरोपनं २०१९ मध्ये नियम बदलून काटा पुनर्प्रक्रियेच्या दारात आणला, तेव्हा काही देशांचे आकडे घसरले. कचरा तोच होता, बरं का!

शिवाय वजन फसवं. मोबाइलमधली काच आणि धातूचं कवच परत मिळवलं की वजनाचा मोठा भाग वसूल झाला. आतलं सोनं ग्रॅमच्या काही शतांशांएवढंच, ते वाया गेलं तरी टक्केवारीला धक्का लागत नाही. पण एक ग्रॅम सोन्यासाठी बहुतेक खाणींत शेकडो किलो खडक फोडावा लागतो. वजनाच्या तराजूत तो खडक कुठंच नाही.

वस्तूचं आयुष्य हिशोबात धरणारा एक निर्देशक चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेनं २०१५ मध्ये मांडला. नवा कच्चा माल किती लागला, किती कायमचा वाया गेला आणि तशा सरासरी वस्तूच्या तुलनेत ही किती टिकली, यावरून शून्य ते एक असे गुण. इथं आपल्या खुर्चीला जागा मिळते, निदान कागदावर. प्रत्यक्षात कोणती खुर्ची किती वर्षं वापरली, याची नोंद ठेवतो कोण?

फ्रान्सनं २०२१ मध्ये वॉशिंग मशीन, लॅपटॉप, फोन अशा वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापायला लावले. सुटे भाग मिळतात का, केवढ्याला, यंत्र उघडायला किती खटाटोप, हे त्यात तपासतात. मला हा निर्देशक सगळ्यात आवडतो, कारण तो खरेदी करतानाच डोळ्यांसमोर असतो. मात्र तो दुरुस्ती होऊ शकते का, एवढंच सांगतो. झाली की नाही, ते कळायला घरोघरी जाऊन विचारावं लागेल.