मोठ्या आतड्यात उतरणारे पित्त

सोलापूरच्या वैशाखातील उन्हात छातीत जळजळ होऊ लागली की आपण सहज ‘पित्त झाले’ असे म्हणतो. परंतु ती आग जठरातील आम्लाची असते आणि यकृतात तयार होणारे खरे पित्त तिच्याहून अगदी वेगळे असते. कोलेस्टेरॉलपासून घडलेली त्यातील पित्ताम्ले साबणासारखी वागतात. शेंगाचटणीवर ओतलेले तेल असो वा मटणाच्या रश्श्यावरची तर्री, ती बारीक थेंबांत फोडण्याचे काम त्यांचे असते. ते झाल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे 95 टक्के पित्ताम्ले शोषली जाऊन रक्तावाटे यकृताकडे परततात.

चिंता आहे ती उरलेल्या 5 टक्क्यांची. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांची रचना बदलून डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक ही आम्ले तयार करतात. यांपैकी डीऑक्सिकोलिक आम्लाचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर अस्तरातील पेशींची आवरणे दुखावतात, डीएनएला इजा पोहोचते आणि पेशीवाढीचे संदेश गरज नसताना चालू होतात. इजा झालेल्या पुष्कळ पेशी मरून जातात व ते शरीराच्या हिताचेच असते. मात्र बिघडलेला डीएनए घेऊनही ज्या मरत नाहीत, त्या हळूहळू अस्तरात जागा व्यापतात.

हे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते, कारण त्यातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी मूलपेशी सतत विभागत असतात. एफएक्सआर नावाचे प्रथिन पित्ताम्लांची चाहूल घेते आणि या विभाजनाला आवर घालते. 2019 मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की, पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एपीसी हे जनुक बिघडलेले असताना काही पित्ताम्ले हा आवरच सैल करतात आणि साध्या गाठीचा कर्करोग होण्यास हातभार लावतात.

आहाराचा परिणाम किती लवकर दिसतो, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना दोन आठवडे भरपूर चोथ्याचा, कमी स्निग्ध असा ग्रामीण दक्षिण आफ्रिकी आहार दिला गेला, तेव्हा त्यांच्या आतड्यातील ही जिवाणूनिर्मित पित्ताम्ले सुमारे 70 टक्क्यांनी घटली आणि अस्तराच्या पेशींना पोसणारे ब्युटिरेट वाढले. आपल्या ज्वारीच्या भाकरीतही असा चोथा असतो. अर्थात, आतड्यात आधीच वाढलेली गाठ आहारबदलाने नाहीशी होत नाही. ती दुर्बिणीच्या तपासणीत शोधून काढूनच टाकावी लागते.