मधाच्या पिंपासोबतचा कागद: आयातीच्या नियमांची पार्श्वभूमी

मध एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा पिंपासोबत आरोग्य प्रमाणपत्र जाते. युरोपीय संघाच्या नमुन्यात त्याच्या शीर्षकातच लिहिलेले असते: मध आणि मधमाशीपालनातील इतर उत्पादने, मानवी सेवनासाठी. शेवटचे दोन शब्द पहिल्या वाचनात फालतू वाटतात. मध माणसाने खायचा नाही, तर कोणी?

मधमाशीने. परदेशी मध माश्यांपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, ही या नियमांमागची पहिली काळजी आहे. ती समजली नाही तर पुढचे काहीच नीट समजत नाही.

अमेरिकन फाउलब्रूड हा पोळ्यातल्या अळ्या सडवणारा रोग. त्याचा जीवाणू १९०६ मध्ये वेगळा ओळखला गेला. त्याचे बीजाणू मधात, मेणात, जुन्या पेट्यांच्या लाकडात कित्येक दशके जिवंत राहतात. माणसाला त्यांच्यापासून काहीही अपाय नाही. पण संसर्ग असलेल्या मधाची रिकामी बरणी कोणी न धुता उघड्यावर टाकली आणि आसपासच्या माश्यांनी ती चाटून घरी नेली, तर त्या वसाहतीचा अंत होऊ शकतो. म्हणजे जो मध ताटात निर्धोक, तोच पोळ्यात घातक. न्यूझीलंडने मधाच्या आयातीचे दार जवळजवळ बंदच ठेवले आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया तर स्वतःच्याच देशातल्या इतर राज्यांचा मधही विनाप्रक्रिया येऊ देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यापारी आडमुठेपणा वाटतो. मला तो वाटत नाही. एकदा शिरलेला रोग परत पाठवता येत नाही, हे मधुपालकांनी फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर माश्या सरपटत, उडता न येता मरू लागल्या आणि ही साथ पुढे ब्रिटनभर पसरली. १९२१ मध्ये मधमाशीच्या श्वासनलिकेत राहणाऱ्या एका सूक्ष्म कोळीकिडीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि साथीचा दोष तिच्यावर ठेवला गेला. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, अमेरिकेने जिवंत प्रौढ मधमाश्यांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. नंतरच्या अभ्यासकांनी त्या साथीचे सारे खापर एकट्या किडीवर फोडणे योग्य नव्हते असे म्हटले, पण कायदा राहिला. पोळ्यातला छोटा भुंगेरा आफ्रिकेतून निघून १९९८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१४ मध्ये इटलीच्या कालाब्रियात सापडला. युरोपीय संघाचा एक नियम या भुंगेऱ्यामुळेच असा कडक आहे: मधमाशीपालनात वापरायचे पराग वगैरे आणायचे असतील तर ते उणे १२ अंश किंवा त्याहून कमी तापमानात किमान २४ तास ठेवलेले असावेत, आणि मेण पोळ्याच्या रूपात येऊच नये. माणसाच्या खाण्यासाठीचा माल आणि माश्यांसाठीचा माल यांचे कायदेच वेगळे आहेत. प्रमाणपत्रावरचे ते दोन शब्द या वाटणीतून आले.

दुसरी काळजी माणसाच्या फसवणुकीची. तिचा इतिहास बराचसा प्रयोगशाळेचा इतिहास आहे.

१८८१ मध्ये हार्वे वायली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लिहिले की बाजारात मेणाचे कृत्रिम पोळे करून त्यात ग्लुकोज भरलेला बनावट पोळ्याचा मध विकला जातो. असे पोळे कोणी बनवलेले नव्हते. ते करून दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले, पण ते घ्यायला कोणी आले नाही. वायलींनी पुढे ती गंमत होती असे सांगितले, पण अफवेने मधुपालकांचे नुकसान करायचे ते केलेच. पाकाची भेसळ मात्र खरी होती, आणि हेच वायली १९०६ च्या अमेरिकन शुद्ध अन्न कायद्याचे प्रमुख पुरस्कर्ते ठरले.

१९०८ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ फीहे यांनी एक साधी चाचणी दिली. आम्ल घालून फोडलेल्या साखरेच्या पाकात एचएमएफ नावाचे संयुग तयार होते. ते मधात दिसले की भेसळ समजावी. नंतर लक्षात आले की शुद्ध मध तापवला किंवा नुसता बराच काळ ठेवला तरी त्यात एचएमएफ वाढते. त्यामुळे भेसळ पकडण्यासाठी जन्मलेला हा आकडा हळूहळू ताजेपणाचा आकडा झाला. आजही कोडेक्स या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नमानक आयोगाच्या जागतिक मानकात तो किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आणि उष्ण कटिबंधातल्या मधाला ८० पर्यंत सूट आहे. ही सूट मेहेरबानी नाही. जिथे सावलीतही मध तापतो तिथल्या प्रामाणिक मधुपालकाला थंड देशाच्या मापाने मोजणे अन्यायाचे होते.

युरोपने मधाचा पहिला सामाईक निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक कायदा, १९७४ मध्ये काढला, तर कोडेक्सचे जागतिक मानक १९८१ चे. दोन्ही २००१ मध्ये नव्याने लिहिले गेले. पाण्याचा अंश सर्वसाधारणपणे २० टक्क्यांच्या आत हवा, कारण त्यापुढे मध आंबण्याची भीती. हीदर या झुडपाच्या फुलांच्या मधाला २३ टक्के चालतात. फुलोऱ्याच्या मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मिळून शंभर ग्रॅममागे किमान ६०. हे आकडे आयातदाराला तोंडपाठ असतात, पण तेवढ्याने मध अस्सल ठरत नाही. चलाख पाक बनवणारा हेच आकडे समोर ठेवून पाक बनवतो.

१९७० च्या दशकात मक्यापासून फ्रुक्टोजयुक्त स्वस्त पाक निघाला आणि नेहमीच्या चाचण्या निकामी झाल्या. तोड कार्बनमध्ये सापडली. मका आणि ऊस यांच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण बहुतेक फुलांच्या मधुरसातल्यापेक्षा जास्त असते. १९७८ मध्ये ही चाचणी प्रसिद्ध झाली. पुढे मधातल्याच प्रथिनाशी तुलना करायची युक्ती निघाली, म्हणजे प्रत्येक मध स्वतःच स्वतःची मोजपट्टी. मका-उसाच्या साखरेचा हिशेब ७ टक्क्यांच्या वर गेला की भेसळ, असा संकेत रूढ झाला. मग भेसळ करणाऱ्यांनी तांदूळ आणि बीट यांच्या पाकाकडे मोर्चा वळवला, ज्यांचा कार्बन फुलांसारखाच असतो. आता चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या एनएमआर यंत्रावर मधाची संपूर्ण रासायनिक छबी काढून ती ओळखीच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. यंत्र महाग, नमुन्यांचा साठा मोजक्यांच्या हाती. लहान उत्पादकाला हा खर्च झेपत नाही, आणि भेसळीची सर्वाधिक झळ त्यालाच बसते, ही या सगळ्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

प्रमाणपत्रावरच्या 'अवशेष' (मधात उरलेली औषधे) या शब्दामागे २००२ साल आहे. त्या जानेवारीत युरोपीय संघाने चीनमधून येणारी प्राणिजन्य उत्पादने थांबवली. कारणांत क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक होते. क्वचित प्रसंगी ते माणसाच्या अस्थिमज्जेचे काम बंद पाडते, आणि त्याची सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. म्हणून ते अन्नात मुळीच नको, आणि प्रयोगशाळेला किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम इतके सूक्ष्म प्रमाणही पकडता आले पाहिजे, असे तेव्हा ठरले. चिनी मधाला युरोपचे दार २००४ मध्ये उघडले. पोळ्यातला रोग औषधाने दाबायचा आणि औषध मधात उतरायचे: माश्यांची काळजी आणि माणसांची काळजी इथे एकमेकींत मिसळल्या. निर्यात करणाऱ्या देशाने दरवर्षी अवशेष तपासणीचा आराखडा पाठवावा आणि तो मान्य असलेल्या देशांच्याच यादीतून माल यावा, ही व्यवस्था १९९६ च्या निर्देशात आधीच होती. तिला धार आली ती या प्रकरणानंतर. २०१० मध्ये भारतीय मधही याच व्यवस्थेत अडकला आणि पुढच्या वर्षी सुटला.

अमेरिकेत वाट वेगळी होती. २००१ च्या डिसेंबरात तिथे चीन आणि अर्जेंटिनाच्या मधावर डम्पिंगविरोधी, म्हणजे पडत्या भावाने माल ओतण्याविरुद्धचे, शुल्क बसले. चिनी मध मग तिसऱ्या देशांतून, बदललेल्या कागदांवर येऊ लागला आणि २००८ पासून त्यावर फौजदारी खटले उभे राहिले. मूळ देश ओळखायचा तर परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ते अतिसूक्ष्म गाळणीने काढून टाकले की मधाचा पत्ताच पुसला जातो.

परागकणांवरून युरोपच्या न्यायालयातही वाद झाला. सप्टेंबर २०११ मध्ये निकाल आला की जनुकबदल केलेल्या मक्याचा पराग असलेल्या मधाला वेगळी परवानगी लागेल, कारण पराग हा मधाचा 'घटक पदार्थ' आहे. मधुपालक हवालदिल झाले. माशी कुठल्या शेतात जाईल हे कोण ठरवणार? २०१४ मध्ये निर्देश बदलून पराग हा मधाचा नैसर्गिक भाग आहे, मिसळलेला पदार्थ नाही, असे स्पष्ट केले गेले.

पराग, रॉयल जेली (राणीमाशीचे खाद्य), प्रोपोलिस (माश्या गोळा करतात तो डिंक) यांचे नियम मधाच्या मागून आले आणि अजून तितके भरीव नाहीत. परागाच्या पूरक पदार्थांवर मात्र युरोपने पायरोलिझिडीन अल्कलॉइड या यकृताला घातक वनस्पतिविषाची मर्यादा घातली आहे.

२०२३ मध्ये युरोपीय आयोगाने आयात मधाच्या ३२० नमुन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले ४६ टक्के संशयास्पद ठरले. याआधीच्या मोहिमेत हे प्रमाण १४ टक्के होते, पण तेव्हाच्या चाचण्याही कमी तीक्ष्ण होत्या. तोवर अनेक देशांच्या मिश्रणावर 'संघातील व संघाबाहेरील मधाचे मिश्रण' एवढे मोघम लिहून भागत होते. २०२४ मध्ये निर्देश पुन्हा बदलला. १४ जून २०२६ पासून बरणीवर प्रत्येक मूळ देशाचे नाव, उतरत्या क्रमाने, टक्केवारीसह लिहायचे आहे.