शब्दाला जामीन कोण?

कोल्हापूरहून पुण्याला निघालं, किणीचा टोलनाका आणि घुणकी मागे पडली की वारणेचा पूल लागतो. पावसाळा सोडला तर नदी फार रुंद नाही. पण १३ एप्रिल १७३१ रोजी सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतभावांनी हीच नदी आपली हद्द मानली. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हापासून धुमसत असलेली भाऊबंदकी त्या तहाने थांबली आणि दोघे हयात असेपर्यंत पुन्हा पेटली नाही. (पुढे पटवर्धन आणि करवीर दरबार यांच्यात वर्षानुवर्षं जे चाललं, तो वेगळा विषय.)

शाळेत हा तह आपण सनावळीत पाठ केला आणि विसरलो. पण युद्धं थांबतात कशी, आणि थांबलेली पुन्हा का भडकतात, हे आकडेवारी आणि गणिती प्रतिमानांच्या आधारे शोधणारी अभ्यासकांची एक मोठी शाखा आता उभी राहिली आहे. तिचे निष्कर्ष वाचताना वारणाकाठ वारंवार आठवतो.

या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ होता. समीकरणं सोडवून हवामानाचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना त्याने संगणक नसलेल्या काळात मांडली. पहिल्या महायुद्धात बंदूक हाती घ्यायला नकार देऊन तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. पुढे त्याने १८२० नंतरची युद्धं मृतांच्या संख्येनुसार लावून पाहिली. लहान झगडे पुष्कळ, मोठी युद्धं मोजकी, आणि त्यांचं प्रमाण भूकंपांच्या प्रमाणासारखं ठरावीक नियमाने घटत जाणारं. लांब सरहद्द असलेले देश जास्त भांडतात का, हे तपासायला गेला तर वेगळंच सापडलं. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सरहद्द एकच, पण तिची लांबी एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४! मोजपट्टी जितकी लहान तितकी वाकडीतिकडी रेषा लांब भरते, या त्याच्या निरीक्षणातून पुढे मँडेलब्रॉट या गणितज्ञाची फ्रॅक्टल भूमिती, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी वाकडेपणा न संपणाऱ्या आकारांची भूमिती फुलली. युद्धाचं कोडं मात्र तिथेच राहिलं.

आज ही मोजदाद स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात होते. वर्षभरात लढाईत किमान २५ माणसं मेली की तो सशस्त्र संघर्ष, हजार मेली की युद्ध, असा त्यांचा निकष. किमान एका बाजूला सरकार असलेले असे ६१ संघर्ष २०२४ मध्ये ३६ देशांत चालू होते. १९४६ पासून तोवरच्या नोंदींत हा सर्वांत मोठा आकडा होता.

आता मुख्य कोडं. युद्ध दोघांनाही महाग पडतं. शेवटी कुठेतरी रेघ ओढली जाणार, हेही दोघांना ठाऊक असतं. मग ती रेघ माणसं मरायच्या आधीच का ओढत नाहीत? १९९५ मध्ये जेम्स फिअरन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने हा प्रश्न नेमका मांडला. द्वेष, अहंकार, वेडेपणा ही उत्तरं त्याने मुद्दाम बाजूला ठेवली. दोन्ही बाजू शहाण्या आहेत असं धरलं, तरी युद्ध का होतं? त्याच्या उत्तरातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट माहितीची. आपली खरी ताकद किती आणि किती काळ सोसायची तयारी आहे, हे ज्याचं त्याला माहीत असतं, पण खरं सांगण्यात कुणाचाच फायदा नसतो. त्यामुळे दोघंही फुगवून सांगतात आणि दोघंही समोरच्याचं खोटं धरतात. लढाई ही या बढायांची क्रूर तपासणी असते. संभाजी महाराजांच्या मागे निजाम उभा होता. छत्रपतीपदाचा वाद आहे, मग चौथाई द्यायची कुणाला, असं म्हणून निजामाने शाहूंची वसुलीही अडवली होती. भाऊबंदकी मिटणं त्याच्या सोयीचं नव्हतंच. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याला कोंडलं, मुंगी-शेवगावचा तह झाला आणि निजामाने हात काढून घेतला. १७३० मध्ये वारणेकाठीच संभाजींच्या छावणीचा मोड झाला. कुणाची किती ताकद, याबद्दल आता वाद उरला नाही. यादवी युद्धात बाहेरून पैसा आणि शस्त्रं येत राहिली तर ते लांबतं, असं आजचे अभ्यासही सांगतात. त्याचं उदाहरण आपल्याला इतक्या जवळ सापडतं.

पण माहिती पुरेशी असती तर कोरियाचं युद्ध १९५१ मध्येच संपलं असतं. एकीकडे दक्षिण कोरिया आणि अमेरिका, दुसरीकडे उत्तर कोरिया आणि चीन; त्या वर्षीच्या मध्यापासून आघाडी फारशी हललीच नाही. दोघांनाही कळलं होतं की जिंकता येणार नाही. दोघांनाही दुखतंय आणि दोघांचीही कोंडी झाली आहे, अशा स्थितीला विल्यम झार्टमन हा अभ्यासक वाटाघाटी पिकण्याची वेळ म्हणतो. तशी वेळ आली, जुलैमध्ये बोलणी सुरूही झाली, आणि तरी युद्ध आणखी दोन वर्षं चाललं.

इथे फिअरनची दुसरी गोष्ट येते, आणि माझ्या मते खरी गोम तिच्यातच आहे. आज केलेला करार उद्या पाळला जाईल, याची हमी कोण देणार? गावातल्या पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं तर दोन जामीनदार आणावे लागतात, शिवाय वसुलीसाठी कायदा असतोच. देशादेशांच्या वर असा वसुली करणारा कुणी नाही. आणि यादवी युद्धात तर बंडखोराने शस्त्र खाली ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून तो सरकारच्या दयेवर. बार्बरा वॉल्टर या अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९४० ते १९९० या काळातली युद्धं तपासली. दोन देशांमधली ५५ टक्के युद्धं वाटाघाटींच्या टेबलावर मिटली होती, यादवी युद्धं मात्र जेमतेम २० टक्के. आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथा व्हायच्या. त्या मोडल्याचे दाखलेही आपल्याच इतिहासात आहेत.

या मुद्द्याची दोन उदाहरणं आफ्रिकेत जवळजवळ एकाच वेळी घडली. अंगोला आणि मोझांबिक दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती, दोन्ही १९७५ मध्ये स्वतंत्र, दोन्हीकडे यादवी. अंगोलात १९९१ मध्ये करार झाला. संयुक्त राष्ट्रांनी अवाढव्य देशासाठी लष्करी निरीक्षक पाठवले ते साडेतीनशेच्या आसपास. दोन्ही सैन्यं धड विसर्जित न होताच सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली. बंडखोर नेता योनास साविंबी याने निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा पेटलं. ते २००२ मध्ये साविंबी मारला गेल्यावरच थांबलं. मोझांबिकचा करार ऑक्टोबर १९९२ मध्ये रोमला झाला. अंगोलाचा धडा ताजा होता. तिथे सहा-सात हजार शांतिसैनिक गेले, निवडणूक सैन्यं विसर्जित होईपर्यंत पुढे ढकलली आणि १९९४ मध्ये घेतली. शांतता टिकली. यात केवळ शांतिसैनिकांचं श्रेय आहे असं म्हणता येणार नाही. मोझांबिकच्या बंडखोरांना दक्षिण आफ्रिकेचा आधार आटला होता, तर साविंबीकडे हिऱ्यांच्या खाणींचा पैसा होता. पण व्हर्जिनिया पेज फोर्टना या अभ्यासकांनी शीतयुद्धानंतरच्या अनेक युद्धांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हाही शांतिसेना असेल तिथे युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका निम्म्याहून जास्त घटलेला दिसला. शांतिसैनिक मुळात अवघड ठिकाणीच पाठवले जातात, हे लक्षात घेतलं तर हा निष्कर्ष अधिकच वजनदार ठरतो.

कोरियाकडे परत येऊ, कारण तिथे कोल्हापूरचा माणूस होता. बोलणी अडली होती ती प्रामुख्याने युद्धकैद्यांवरून. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्ध संपताच कैद्यांना मायदेशी धाडायचं. पण अमेरिकेच्या ताब्यातल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना परतायचंच नव्हतं. निदान अमेरिका तसं म्हणत होती. चीन म्हणत होता, दमदाटी करून वदवून घेतलंय. एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवणं शक्यच नव्हतं. डिसेंबर १९५२ मध्ये भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने भारताचा ठराव संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला: हे कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवा. सोव्हिएत गटाने तो आधी धुडकावला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला, वारं बदललं आणि २७ जुलैला युद्धबंदी झाली.

आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, मूळचे कोल्हापूरचे. बावीस हजारांहून अधिक कैदी त्यांच्या हवाली झाले. छावण्यांमध्ये कैद्यांच्याच टोळ्यांची दहशत, परत जाऊ म्हणणाऱ्याच्या जिवाला धोका, बाहेर दोन्ही गटांचा भारतावर संशय. अशा जागी चार महिने राहून, फारसा रक्तपात न होऊ देता ते काम पार पाडणं म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये टाळ्या मिळवणारी मुत्सद्देगिरी आपल्याला दिसते. कुंपणाशी उभं राहून एकेका माणसाला ‘तुला कुठे जायचंय’ हे विचारू देणारी व्यवस्था राबवणं हेही तिचंच अंग, आणि माझ्या मते जास्त अवघड.

कोरियाची ती युद्धबंदी अजून टिकून आहे. शांतता करार मात्र आजवर झालेला नाही. रेषा स्पष्ट, मधे चार किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा, आणि दक्षिणेत अमेरिकी सैन्य कायम. थॉमस शेलिंग या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाने दाखवलं होतं की वाटाघाटीत दोघांच्याही नजरेत आपोआप भरणाऱ्या रेषेवर एकमत लवकर होतं. नदी ही तशी रेषा. कोण ओलांडतंय हे चटकन दिसतं, आणि ‘चुकून झालं’ म्हणायची सोय राहत नाही. वारणेच्या तहात आणखी एक कलम होतं. एकाकडचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत. रुसलेला सरदार नदीपलीकडे जाऊन तिथल्या राजाला चिथावणार, हा तेव्हाचा खरा धोका होता आणि कलमाने तोच रस्ता बंद केला.

आता युक्रेन बघा. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं. रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा आदर करायचं लिहून दिलं, पण हल्ला झाला तर सैन्य पाठवू असं कुणीही लिहून दिलं नव्हतं. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला, पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठी मिन्स्कचे दोन करार झाले आणि मोडले, २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण झालं. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना तेव्हा पिग आयर्नच्या (कच्च्या लोखंडाच्या) भाववाढीचा चटका बसला, घराघरांत सूर्यफुलाचं तेल महागलं. युक्रेनचे प्रतिनिधी प्रत्येक बैठकीत सुरक्षेच्या हमीवर अडून बसतात, याला आडमुठेपणा म्हणणाऱ्यांनी हा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा. रशियाचं उलट म्हणणं की पाश्चात्त्य सैन्य शेजारी आलं तर धोका आम्हाला. म्हणजे एकाला हवा असलेला जामीनदार दुसऱ्याला मुळीच चालत नाही. सुरक्षा परिषद इथे हतबल, कारण आक्रमकाकडेच नकाराधिकार.

जमतात ते छोटे व्यवहार. जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला. इस्तंबूलमध्ये जहाजांची संयुक्त तपासणी व्हायची, म्हणून तो वर्षभर चालला. मग रशिया बाहेर पडला. मे २०२५ मध्ये इस्तंबूललाच ठरून प्रत्येकी हजार कैद्यांची अदलाबदल झाली. असे व्यवहार हातोहात होतात, उद्यावर विसंबायचं फारसं कारण पडत नाही. गाझात जानेवारी २०२५ ची युद्धबंदी टप्प्याटप्प्याची होती. पहिल्या टप्प्यात ओलीस आणि कैदी यांची देवाणघेवाण झाली. गाझाचा ताबा कुणाकडे, हमासची शस्त्रं कुठे जाणार, हे पुढच्या टप्प्यांवर ढकललेलं. मार्चमध्ये बॉम्ब पुन्हा पडू लागले. ऑक्टोबरमध्ये नवी युद्धबंदी झाली आणि नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने आंतरराष्ट्रीय दलाला मंजुरी दिली, तेव्हाही अडचणीचा प्रश्न तोच होता: शस्त्रं कोण काढून घेणार?

सुदानबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत सगळ्यात कमी छापून येतं. एप्रिल २०२३ पासून तिथलं सैन्य आणि एक निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत, लाखो माणसं परागंदा झाली आहेत. महिन्याभरातच सौदी अरेबियात जेद्दाहला दोघांनी नागरिकांच्या संरक्षणाच्या घोषणेवर सह्या केल्या, पण देखरेखीला प्रत्यक्ष जागेवर कुणी नव्हतं. दोन्हीकडे बाहेरून शस्त्रं येत असल्याचे आरोप आहेत. सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी २००४ पासून आहे, ती फक्त दारफूर प्रांतापुरती.