कलमांची पिवळी पालवी : सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या शोधाची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सोसायटीच्या आवारात लावलेल्या लिंबाच्या कलमाला नवी पालवी फुटते ती कधीकधी पिवळीच, आणि त्या पिवळ्या पानावर शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसते. खत कमी पडले असे समजून शेणखत किंवा युरिया वाढवला जातो, पण पान हिरवे होत नाही. या लक्षणाचा पहिला उलगडा १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये झाला. यूझेब ग्री या संशोधकाने पिवळ्या पानांना लोहक्षाराचे द्रावण लावले, तेव्हा जिथे ते लागले तिथेच पान हिरवे झाले.

हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, त्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. परंतु लोहावाचून झाडाला हरितद्रव्य तयारच करता येत नाही. शिवाय जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे फारसे सरकत नाही, म्हणून कोवळी पालवी आधी पिवळी पडते आणि मोजकीच पाने असलेल्या रोपाचे प्रकाशसंश्लेषण तिथेच मंदावते.

लोहासारखीच झाडाला अगदी अल्प प्रमाणात लागणारी इतर सूक्ष्म अन्नद्रव्ये मात्र दीर्घकाळ लपून राहिली, कारण प्रयोगशाळेतल्या क्षारांत आणि भांड्यांतच ती अशुद्धीच्या रूपाने असत. मँगनीजची गरज १९२२ मध्ये आणि जस्ताची १९२६ मध्ये सिद्ध झाली. पानात पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन मोकळा करणाऱ्या केंद्रात मँगनीजचे चार अणू असतात, हे तर पुढे कळले. मला सर्वांत बोलकी वाटते ती कॅलिफोर्नियातील १९३० च्या सुमाराची घटना. तिथल्या फळझाडांची पाने बारीक राहून त्यांचे झुबके होत होते, आणि चँडलर, होगलँड व हिबर्ड या संशोधकांनी मातीत लोह सल्फेट घातल्यावर काही झाडे सुधारली. पण गुण लोहाचा नव्हता, त्यात मिसळलेल्या जस्ताचा होता.

कोकणच्या लाल जांभ्या मातीत लोह मुबलक असते आणि माती आम्लधर्मी असल्याने ते मुळांना मिळतेही. शहरातल्या भरावात मात्र प्लास्टर आणि काँक्रीटचा राडारोडा मिसळलेला असतो. त्यातल्या चुन्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि असलेले लोहही मुळांच्या हाती लागत नाही. १९५० च्या दशकात फ्लोरिडातील लिंबूवर्गीय बागांत ईडीटीए या चिलेटमधून, म्हणजे लोहाला धरून विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगातून, लोह देण्यात यश आले, परंतु ती माती आम्लधर्मी होती. चुनखडीच्या मातीत ईडीटीए लोहाला धरून ठेवू शकत नाही, ईडीडीएचए हे दुसरे चिलेट मात्र ठेवते. त्यामुळे अशा भरावातल्या कलमाला मातीतून लोह द्यायचे असेल, तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले आहे का, ते पाहूनच घ्यावे.