शार्त्र : आगीआगीतून घडलेले कॅथीड्रल

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून सुटलेली गाडी तासा-सव्वातासात शार्त्रला पोचते. अंतर नव्वदेक किलोमीटर. बोस हा गव्हाचा सपाट मुलूख, त्यामुळे गाव दिसण्याआधी कॅथीड्रलचे मनोरे दिसतात आणि ते एका जोडीतले नाहीत हे लांबूनच कळते. दर्शनी भागासमोर उभे राहिले की उजवीकडचा साधा, तर डावीकडचा उंच आणि नक्षीने भरलेला. त्याचे कारण एका मनोऱ्यावर पडलेली वीज. शार्त्रमध्ये जे पाहायचे ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या आगीनंतरचे, किंवा तिच्यातून वाचलेले असते.

गावाचे महत्त्व एका रेशमी वस्त्रामुळे वाढले. येशूच्या जन्मावेळी मरियेच्या अंगावर ते होते अशी श्रद्धा. ८७६ मध्ये ‘टकला चार्ल्स’ या राजाने ते इथे दिले. यात्रेकरू येऊ लागले, मरियेच्या सणांना बाजार भरू लागले. १०२० मध्ये चर्च जळाले, तेव्हा बिशप फुल्बेर याने नवे बांधायला घेतले. त्याखालचे लांबलचक तळघर, म्हणजे क्रिप्ट, आजही शाबूत आहे. तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येते, तेव्हा फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी. आत उन्हाळ्यातही गारठा असतो.

११३४ च्या आगीत गाव होरपळले. त्यानंतर पश्चिमेचे मनोरे उभे राहू लागले आणि ११४५ च्या सुमारास ‘राजद्वार’, म्हणजे पश्चिमेचे दर्शनी दार, कोरायला घेतले गेले. त्याच्या खांबांवरच्या लांबुळक्या, ताठ मूर्ती नीट पाहून ठेवाव्यात. उत्तर-दक्षिण दारांवरच्या मूर्ती पुढच्या शतकातल्या. त्या मान वळवतात, त्यांची वस्त्रे अंगावरून सुटून खाली उतरतात. अर्ध्या तासात हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

खरा घाव जून ११९४ चा. त्या रात्री जवळपास सारे जळाले; वाचले ते क्रिप्ट, पश्चिमेचे मनोरे, राजद्वार आणि त्यावरच्या तीन खिडक्या. वस्त्रही गेले असे समजून लोक हताश झाले होते, पण तीन दिवसांनी ते तळघरातून सुखरूप बाहेर आले. मरियेलाच मोठे घर हवे आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. बिशप आणि धर्ममंडळाने उत्पन्नाचा वाटा दिला, जवळच्या बेर्शेरच्या खाणीतून दगड आला आणि सुमारे तीस वर्षांत मुख्य इमारत उभी राहिली. अशा कामाला हा वेग थक्क करणारा. दगडी कमानींचे छत सुमारे ३७ मीटर उंच. त्याचा भार बाहेरच्या टेकू-कमानींनी पेलला, म्हणून भिंती फोडून एवढ्या मोठ्या खिडक्या काढता आल्या. इमारतीचा धार्मिक अभिषेक १२६० मध्ये, राजा नवव्या लुईच्या काळात झाला.

काचचित्रे साधारण २,६०० चौरस मीटर. बहुतेक खिडक्या खालून वर वाचायच्या. वरून सुरुवात केली की गोष्ट उलटी लागते. दुर्बीण न्यावीच. बाहेरच्या उजेडातून आल्यावर डोळे सरावायला दहा मिनिटे लागतात आणि घाईतले प्रवासी नेमक्या त्याच दहा मिनिटांत बाहेर पडतात. पश्चिमेच्या तीन जुन्या खिडक्या दुपारनंतर उजळतात. त्यांचा निळा रंग तेराव्या शतकातल्या निळ्यापेक्षा उजळ आहे. अनेक खिडक्यांच्या तळाशी बेकरीवाले, चांभार, कातडीवाले दिसतात. त्यांनीच पैसे दिले असे सर्रास सांगतात. चित्रातल्या धंद्यावरून देणगीदार ठरवणे मात्र धाडसाचे.

१५०६ मध्ये विजेने उत्तरेच्या मनोऱ्याचे लाकडी शिखर जळाले आणि जेआं द बोस याने १५१३ पर्यंत दगडी नक्षीचे शिखर चढवले. १८३६ मध्ये छपराचा लाकडी सांगाडा खाक झाला, खालचे दगडी छत टिकले. नवा सांगाडा लोखंडाचा केला, वर तांब्याचे पत्रे. आजचा हिरवट रंग त्या तांब्याचा. दुसऱ्या महायुद्धाआधी काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी नेल्या होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन निरीक्षक असल्याचा संशय अमेरिकी सैन्याला होता. कर्नल वेल्बर्न ग्रिफिथ स्वतः आत जाऊन आला, इमारत रिकामी असल्याचे कळवले आणि तोफांचा मारा टळला. तो त्याच दिवशी जवळच्या लेव्हमध्ये मारला गेला.

अलीकडच्या सफाईत आतल्या भिंती फिकट पिवळसर झाल्या. शतकांची काजळी हाच इतिहास मानणाऱ्यांना ते रुचले नाही. काचांभोवतीचा काळोख कमी झाला, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही.

आतल्या जमिनीवर चक्रव्यूह, म्हणजे चालत जायची वळणावळणाची वाट, आहे. त्यावर एरवी खुर्च्या मांडलेल्या असतात. लेंट ते ऑल सेंट्स, म्हणजे साधारण वसंत ते नोव्हेंबरचा आरंभ, या काळात शुक्रवारी त्या हटवतात. व्यास जेमतेम १३ मीटर, पण वाट २६० मीटरच्या घरात. चालायचे असेल तर वार आधी ठरवावा. मग उतारावरून एर नदीकाठी जावे. जुनी धुण्याची घाट-घरे आणि कातडी कमावणाऱ्यांची वस्ती तिथे होती.