सौंदर्यप्रसाधनांतील घटकांची जलीय जोखीम

शाम्पू, साबण, क्रीम, टूथपेस्ट यांतील घटक सांडपाण्यावाटे नदी-तळ्यांत पोचून तेथील जीवांना किती अपाय करू शकतात, हे आकड्यांत ठरवण्याची पद्धत. घटक विषारी आहे एवढ्यावर निकाल लागत नाही. पाण्यात तो किती उरेल आणि जीव तो किती प्रमाणापर्यंत सोसतील, या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढतात. ते १ च्या वर गेले की जोखीम मानतात.

सोसण्याची मर्यादा प्रयोगशाळेत ठरते. शैवालावर ७२ तास, पाणपिसूवर (डाफ्निया) ४८ तास आणि माशांवर ९६ तास चाचणी होते. एवढ्याच अल्पकालीन चाचण्या हाती असतील, तर सर्वांत नाजूक जीवाच्या आकड्याला १,००० ने भागतात. तिघांच्याही दीर्घकालीन चाचण्या झालेल्या असल्या तर १० ने. शैवाल वगळून चालत नाही, कारण ट्रायक्लोसानसारख्या जंतुनाशकाचा पहिला फटका त्यालाच बसतो. भांड्यात जितके टाकले तितकेच पाण्यात आहे असे धरणे ही नेहमीची चूक. तेलकट घटक काचेला चिकटतात, डी५ हे सिलिकोन हवेत उडून जाते. म्हणून पाण्यातले प्रमाण चाचणीच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्यक्ष मोजावे लागते.

नदीतले प्रमाण हिशेबाने काढतात. समजा, एखादा घटक दरमाणशी रोज ५ मिलिग्रॅम मोरीत जातो. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठ्यातील ८०%, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होते. त्यात हा घटक लिटरला सुमारे ४६ मायक्रोग्रॅम भरतो. शुद्धीकरणात ९०% निघाला तर ४.६ उरतो. युरोपीय पद्धतीत यापुढे नदीत दहापट पातळ होईल असे गृहीत धरतात, म्हणजे ०.४६. सुरक्षित मर्यादा १ मायक्रोग्रॅम असेल, तर घटक पास.

इंदूरमध्ये हे गृहीतकच टिकत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून (होळकरांच्या स्मारकांजवळून) वाहणाऱ्या कान्ह नदीत उन्हाळ्यात स्वतःचे पाणी जवळजवळ नसते. प्रवाह बहुतांशी शहराच्या सांडपाण्याचाच, शुद्ध केलेला किंवा न केलेला. शहर नर्मदेचे पाणी वापरते आणि ते कान्हेत सोडते. मग भागाकार १० ने नव्हे, १ ने करायचा. वरचाच घटक ४.६ वर, म्हणजे नापास ठरतो. कान्ह पुढे उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेला मिळते, म्हणून हा फरक कागदापुरता मानता येत नाही. रोजची सरासरीही इथे फसवी आहे: रंगपंचमीला गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आटोपली की सारे शहर एकाच दुपारी डोक्यावरून न्हाते. त्या दिवसाचे नमुने वेगळेच घ्यावेत.

‘९०% निघाला’ म्हणजे नष्ट झाला असेही नव्हे. काही भाग गाळाला चिकटतो आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की घटकही जातो. ट्रायक्लोसानच्या काही भागाचे मिथिल ट्रायक्लोसान होते. ते अधिक टिकाऊ आणि चरबीत साठणारे असते. हवेत न उडालेले डी५ पाण्यात-गाळात टिकून राहते, म्हणूनच युरोपीय संघाने ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ते ०.१% पेक्षा कमी ठेवण्याचे बंधन घातले.

नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, २४ तासांचा मिश्र (ठरावीक अंतराने थोडे थोडे पाणी घेऊन एकत्र केलेला) घ्यावा आणि ४ अंश सेल्सिअसला ठेवावा. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी सनस्क्रीन, हँडक्रीम वा सुगंधी डिओ लावू नये. शुद्ध पाण्याची एक बाटली नदीकाठी उघडून तशीच परत आणावी. तिच्यातही घटक सापडला, तर तो नदीचा नव्हे, हाताळणीत मिसळलेला.